आणखी दोन दिवस

“टाके कधी निघणार, सिस्टर?”

विचारणारा पोरगा जखमी नव्हता. जखमी पोरगा, भूपाल मगदूम, माझ्यासमोर टेबलावर पालथा पडला होता आणि मी त्याच्या डोक्यावरची पट्टी सोडत होते. विचारणारे दारात उभे होते. चौघे जण. एकाच्या बोटात सायकलची किल्ली फिरत होती, दुसरा पेरू खात होता. रोज ड्रेसिंगच्या वेळी ते भूपालबरोबर यायचे आणि रोज हाच प्रश्न विचारायचे.

“आठव्या दिवशी. मंगळवारी,” मी म्हटलं. “काळजी करू नका, जखम छान भरतेय.”

चौघांनी एकमेकांकडं पाहिलं.

“मंगळवारी टाकं निघालं म्हंजे बुधवारी माग बंद,” पेरूवाला म्हणाला. “बेस झालं.”

मला वाटलं, काय जीव लावतात ही पोरं एकमेकांना! मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. आजऱ्याकडच्या खेड्यातून या गावात नोकरीला येऊन मला जेमतेम चार महिने झाले होते.

गाव मागांचं होतं. दिवसभर, रात्रभर गल्ल्यागल्ल्यांतून मागांचा खडखडाट चालायचा. सुरुवातीला मला झोप लागत नसे; नंतर नंतर असं झालं की बुधवारी माग बंद राहिले की मलाच चुकल्यासारखं वाटे. नगरपालिकेचा आमचा दवाखाना म्हणजे दोन कौलारू खोल्या, पुढं बदामाचं झाड आणि त्याखाली एक लांब बाकडं. आत रॉकेलच्या स्टोव्हवर काचेच्या सिरिंजा उकळत असायच्या. स्पिरिटचा, लाल औषधाचा आणि रॉकेलचा मिळून एक वास होता. आता असले स्टोव्ह कुठं दिसत नाहीत, पण कधी एखाद्या लग्नात आचाऱ्याजवळून गेले आणि तो वास आला, की मी उभ्या जागी सदतीस वर्षं मागं जाते.

आणि पहिल्यांदा आठवतात ते बाबालालमामा. बाबालाल नदाफ, आमचे ड्रेसर. बावीस वर्षं त्यांनी या गावाच्या जखमा धुतल्या होत्या. डोक्यावर पांढरी टोपी, पायांत टायरच्या चपला, आणि हात इतका हलका की रडत आलेलं मूल त्यांच्या मांडीवर झोपून जायचं. मला ते शालनबाई म्हणायचे. माझ्या बापाच्या वयाचे, पण माझ्यासमोर कधी विडी ओढली नाही.

भूपाल पंधरा वर्षांचा होता. टाकीखालच्या गल्लीतला. वखारीमागच्या गल्लीतल्या गजा कोष्टीनं मारलेला दगड त्याच्या डोक्यात बसला होता. पोरांची भांडणं, असं म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

मंगळवारी भूपाल तीन वाजताच आला. नेहमीच्या वेळेच्या तासभर आधी, आणि एकटा.

“अरे, तुझी फौज कुठाय?” मी हसून विचारलं.

तो येऊन टेबलावर बसला. मी ट्रेमध्ये कात्री, चिमटा काढून घेतला. बाबालालमामा कोपऱ्यात पट्ट्यांच्या गुंडाळ्या करत होते.

“सिस्टर,” तो हळूच म्हणाला, “टाकं आणखी दोन दिवस ठेवता येतील काय?”

“का रे? दुखेल म्हणून? अजिबात दुखत नाही. मुंगी चावल्यासारखं—”

तेवढ्यात खण्णकन आवाज झाला. मामांच्या हातातलं पट्ट्यांच्या गुंडाळ्यांचं अॅल्युमिनियमचं भांडं खाली पडलं होतं. बावीस वर्षांत ज्या हातातून काही सांडलं नव्हतं, त्या हातातून. मामा ते उचलायला वाकलेच नाहीत. ते सरळ भूपालपाशी आले.

“काय म्हणलास? परत म्हण.”

भूपाल घाबरला. “काय न्हाई मामा. दोन दिवस ठेवा म्हणलं, एवढंच.”

“का?”

“असंच.”

“असंच न्हवं, बाळ. का?”

मग थांबत थांबत ते बाहेर आलं. उद्या, बुधवारी संध्याकाळी, पाण्याच्या टाकीमागं गजाला गाठायचं ठरलं होतं. दोन्ही गल्ल्यांना निरोप गेले होते. टाके असताना भूपालला नेता येत नव्हतं, म्हणून आठ दिवस सगळे थांबले होते. पहिला हात त्यानंच टाकायचा होता. गल्लीतल्या पोरांचा पुढारी जयसिंगदादा, त्यानं भूपालला हातभर लांबीचा लोखंडी गज आणून दिला होता, तो अंथरुणाखाली ठेवून तो चार रात्री झोपला होता. म्हणजे झोपला नव्हता.

“तुला नाही ना मारायचं त्याला?” मी विचारलं.

“तसं न्हाई...”

“मग सांग की त्यांना, नको म्हणून.”

भूपालनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्याला टाकीवरून उडी मारायला सांगितलं होतं.

“कसं सांगू सिस्टर? माझ्यासाठीच करायलेत की सगळी.”

मामा मागच्या दारानं बाहेर गेले. मी पाहिलं तर नळाखाली हात धरून उभे होते. हात स्वच्छ होते, तरी धूत होते. मी जवळ गेले तर माझ्याकडं न बघता म्हणाले, “शालनबाई, ह्याचं दोन दिवसांनी भागणार न्हाई. महिनाभराचं बघा.”

“टाके महिनाभर कसे ठेवायचे मामा? पिकतील ते.”

“टाकं काढा. पट्टी ठेवा.”

मी केसपेपर घेऊन शिराळकर डॉक्टरांकडं गेले. डॉक्टर रागीट माणूस, खोटं लिहा म्हटलं तर मला नोकरीवरून घालवतील असं वाटत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “डोक्याला मार आहे. महिनाभर जपायला हवंच. यात खोटं काय आहे?” आणि पेपरवर ठळक अक्षरांत लिहिलं: ‘एक महिना धावपळ, ओझे उचलणे, मारामारी पूर्ण बंद.’ खाली सही, वर दवाखान्याचा जांभळा शिक्का.

मी टाके काढले. जखम उत्तम भरली होती. त्यावर मामांनी अशी पट्टी बांधली, की एखाद्या नवरदेवाचा फेटाच. भूपालनं खिडकीच्या काचेत स्वतःला पाहिलं आणि आठ दिवसांत पहिल्यांदा हसला.

चार वाजता फौज आली. त्यांनी पट्टी पाहिली, पेपर वाचला, शिक्क्यावरून बोट फिरवलं. तोंडं पडली.

“महिना?” किल्लीवाला म्हणाला. “आता जयसिंगदादाला काय सांगायचं?”

त्या संध्याकाळी मी लसीची पेटी खांद्याला लावून वखारीमागच्या गल्लीत गेले. गजाच्या धाकट्या बहिणीचा डोस राहिला होता, ते निमित्त. त्याची आई दारातच रहाटावर कांड्या भरत बसली होती. मागाला लागणारं सूत त्या छोट्या कांड्यांवर गुंडाळायचं काम गावातल्या निम्म्या घरांत चालायचं. मी गजाची चौकशी केली तशी तिनं वर माळ्याकडं बोट दाखवलं.

“आठ दिवस वरच हाय बघा. शाळा न्हाई, नदी न्हाई. जेवायला तेवढा उतरतोय.”

गजा खाली आला. मला वाटलं होतं एखादा दांडगट असेल. भूपालपेक्षाही बारीक पोरगा, ओठावर नुकती लव फुटलेली. त्यानं पहिली गोष्ट विचारली ती ही:

“सिस्टर, त्याचं डोस्कं बरं हाय न्हवं?”

“बरं आहे. दगड का मारलास?”

त्यानं आईकडं पाहिलं. आई म्हणाली, “नदीवर ह्याची कापडं लपवली टाकीखालच्या पोरांनी. गोणपाट गुंडाळून घरापतूर आलं माझं पोरगं. भर बाजारातनं. मुलींची शाळा सुटायची येळ. दुसऱ्या दिवसापास्नं सगळी ‘गोणपाट, गोणपाट’ म्हणून हाका मारायला लागली. तिसऱ्या दिवशी ह्यानं दगूड उचलला.”

मग तिनं रहाट थांबवला आणि आवाज खाली आणला. सहा वर्षांपूर्वी असंच पोरांचं भांडण वाढत वाढत गेलं होतं. एकदा त्यांनी मारलं, एकदा यांनी. टाकीखालच्या गल्लीतल्या हिंदुराव नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाचं डोकं फुटलं, बरं झालं, आणि मग दुसऱ्या मारामारीत त्याला असं लागलं की थेट मिरजेला न्यावं लागलं. तो परत आला नाही. वखारीमागची दोन पोरं रिमांड होमला गेली, एक गाव सोडून कुठं गेलं ते आजवर कुणाला माहीत नव्हतं.

“त्याचाच धाकटा भाऊ हा जयसिंग,” ती म्हणाली. “तवा एवढासा हुता. आता पोरांचा म्होरक्या झालाय. सिस्टर, माझं एकच पोरगं हाय.”

परत येताना मला पाय ओढवत नव्हते. महिनाभराच्या एका कागदावर मी केवढं ओझं ठेवलं होतं ते मला तेव्हा कळलं.

बुधवारी गाव गप्प होतं. दुपारी साडेतीनला जयसिंग दवाखान्यात आला. भूपालला त्यानं पुढं घातलं होतं, चौघे बाहेर बाकड्यापाशी थांबले. जयसिंग एकोणीस वर्षांचा असेल. काटकुळा, रात्रपाळी करणारा, केसांत कापसाची बारीक तूस अडकलेली. आवाज अगदी मऊ. त्या मऊपणाचीच मला भीती वाटली.

“सिस्टर, पट्टी सोडा. आमाला जखम बघायची हाय.”

“तुम्ही डॉक्टर आहात का?”

“न्हाई. पर सा टाक्यांना महिना लागत न्हाई एवढं मला कळतंय. माझ्या घरात बघितलंय मी.”

“डॉक्टरांनी लिहून दिलंय—”

“लिहून घेतलंय.” त्यानं भूपालच्या खांद्यावर हात ठेवला. “ह्याला म्हणावं, माझ्या तोंडाकडं बघून सांग, डोस्कं अजून दुखतंय म्हणून.”

भूपालनं पट्टी चाचपली. मी पुढं होणार, त्याआधी मामा आले. त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली, दार लोटून घेतलं.

“जयसिंग, बस.”

“मामा, तुमी ह्यात पडू नगा.”

“पडलोयच मी. सा वर्सं झाली.” मामांनी टेबलावर हात ठेवला. “हिंदुरावचं टाकं मी काढलं. हितंच. ह्याच टेबलावर.”

जयसिंगनं टेबलाकडं पाहिलं.

“दुपारचा आला हुता. एकटाच. ह्यो आला तसाच. म्हणाला, मामा, टाकं आणखी दोन दिवस ठेवा की. मी हसलो, जयसिंग. मी म्हणलं, एवढा वाघासारखा गडी, आन टाकं काढायला भितोस व्हय रं? मला वाटलं, दुखंल म्हणून म्हणतोय. त्यो गप बसला. मी कात्री लावली. एक, दोन, तीन... सगळं काढलं. पाठीवर थाप मारून धाडून दिलं. दुसऱ्या दिवशी सांजच्याला...” मामांनी टेबलावरचा हात काढून घेतला.

“खोटं हाय,” जयसिंग म्हणाला. “दादा कुणाला भीत नव्हता.”

“भीत हुता. सतरा वर्सांचं लेकरू. भ्यालं तर काय बिघडलं?”

“मग सा वर्सं सांगितलं न्हाई ते?”

“कुणाला सांगू? तुझ्या आईला? का तुला? मातीच्या दिवशी तू माझ्या हाताला धरून काय म्हणत हुतास? दादा वाघ हुता, मामा, दादा वाघ हुता. तेरा वर्सांचा हुतास. मी म्हणलं, व्हय बाबा, वाघ हुता.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी उगाच वाजवली. जयसिंग भूपालकडं वळला. मला वाटलं आता हात उचलतोय, मी मध्ये सरकले. पण त्यानं फक्त विचारलं, “तूबी म्हणलास? दोन दिवस ठेवा म्हणून?”

भूपाल माझ्यामागं सरकला. तरी म्हणाला, “व्हय, दादा.”

“मला का न्हाई सांगितलंस?”

“तुमी गज आणून दिला हुता.”

जयसिंग स्टुलावर बसला. मग मामांना विचारलं, आणि हा आवाज त्या मऊ आवाजाहून वेगळा होता, “आणखी काय म्हणला त्यो?”

“जाताना दारात थांबला,” मामा म्हणाले. “म्हणाला, जयसिंगला सांगू नगा मी असं म्हणलो ते.”

मी भूपालचा हात धरून त्याला बाहेर आणलं. आम्ही बाकड्यावर बसलो. आतून काही ऐकू येत नव्हतं. बदामाच्या झाडावरून एक पान पडलं, ते पेरूवाल्यानं उचलून त्याचे बारीक बारीक तुकडे केले. अर्ध्या तासानं दार उघडलं. जयसिंगचे डोळे सुजले होते, त्यानं ते लपवले नाहीत.

“डॉक्टरनं महिना सांगितलाय न्हवं?” तो पोरांना म्हणाला. “मग महिना. घरला चला.”

“पर दादा, तिकडची पोरं टाकीमागं येऊन थांबली असतील. आपुन गेलो न्हाई तर भ्याली म्हणतील.”

“म्हणू दे. मी जातो.”

“मग आमीबी—”

“एकटा जातो.”

तो रिकाम्या हातानं निघाला. त्याच्यामागं वीस पावलांवर, टोपी सारखी करत, टायरच्या चपला फटक फटक वाजवत बाबालालमामा निघाले. मी त्यांना हाक मारली, तर न वळता हात वर केला. त्या दोघांना टाकीच्या दिशेनं जाताना पाहिलं आणि मी आत येऊन स्टोव्ह पेटवला. सिरिंजा उकळलेल्या होत्या, त्या पुन्हा उकळल्या.

तिथं काय झालं ते मला नंतर गजाच्या आईकडून कळलं. वखारीमागची दहा-बारा पोरं दगड घेऊन उभी होती. जयसिंग त्यांच्यापासून हातभर अंतरावर जाऊन थांबला आणि म्हणाला, “गजाला शाळंला जाऊ द्या. कोण हात लावणार न्हाई. नदीवर कापडं लपवली ती आमची चूक हुती.” एवढंच. एकानं मागून दगड टाकला तो त्याच्या खांद्याला लागला. जयसिंगनं खांदा चोळला आणि तिथंच उभा राहिला. मग मामांनी त्या दगड मारणाऱ्याचं नाव घेऊन हाक मारली. पाच वर्षांचा असताना त्याचा भाजलेला पाय त्यांनी दोन महिने धुतला होता. पोरानं हातातला दुसरा दगड खाली टाकला.

गुरुवारी गजा शाळेत गेला.

यानंतर गावातली पोरं भांडायची थांबली असं मी सांगणार नाही. भूपाल आणि गजाची मैत्री झाली असंही नाही. कित्येक वर्षं ते समोरासमोर आले की मान फिरवायचे. पण दोघंही मोठे झाले. भूपाल पुढं मागांचा दुरुस्तीवाला झाला, गजा पोस्टात लागला. दोघांच्या लग्नात मी जेवले. आणि आमच्या दवाखान्याला एक नवीन रीत पडली. कुणा पोराला मारामारीत लागलं, की मामा बरोबरच्या सगळ्यांना बाहेर काढायचे, दार लोटायचे आणि जखम धुता धुता त्याच्याशी बोलत बसायचे. बाहेर काढलेले बाकड्यावर बसायचे. बुधवारी माग बंद असले की बाकड्यावर त्यांच्याजवळ जयसिंग येऊन बसायचा. तो त्यांना काय सांगायचा मला माहीत नाही. बऱ्याचदा काहीच सांगत नसे. नुसता बसायचा, आणि त्यांनाही उठू द्यायचा नाही.

मी त्या दवाखान्यात अकरा वर्षं होते. पुष्कळ माणसं पाहिली, पण एक दुपार माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्या बुधवारनंतर पंधराएक दिवसांनी जयसिंगची आई आली. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. मी केसपेपर काढायला लागले तर म्हणाली, “मला काय झालं न्हाई, सिस्टर.” ती सरळ मामांसमोर जाऊन स्टुलावर बसली.

“जयसिंगनं सांगितलं,” ती म्हणाली. “आता मलाबी सांगा. माझं लेकरू काय म्हणलं ते.”

मामांनी सांगितलं. मान खाली घालून, एकही शब्द न गाळता. वाघासारखा गडी म्हणून आपण हसलो तेही सांगितलं. आता ही बाई आपल्याला काय बोलेल ते बोलू दे, अशी तयारी करून बसले होते.

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

“सा वर्सं झाली,” ती म्हणाली, “घरात येणारा जाणारा एकच बोलतोय. वाघ हुता, वाघ हुता. मलाबी तसंच म्हणावं लागतंय.” मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमललं. “पालीला भ्यायचा हो त्यो, मामा. बारा वर्सांचा घोडा झाला तरी. भिंतीवर पाल दिसली की येऊन माझ्या पदरात शिरायचा, आन आतनंच वरडायचा, आई, गेली का? गेली का?”

ती हसली. हसताना तोंडावर पदर धरला, पण हसू थांबेना. मामाही हसले, टोपी काढून त्या टोपीनंच त्यांनी डोळे पुसले. आणि ती सांगत राहिली, तो कशाकशाला भ्यायचा ते: अंधाराला, मास्तरांना, बँडवाल्यांच्या ढोलाला. पेशंट दारात ताटकळले होते. मी त्यांना खुणेनंच सांगितलं, जरा थांबा.